तिसऱ्या वाटीत पाणी कोणी घातलं?

दिवाळीची सुट्टी संपली की पत्रांचा सूर बदलतो. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पाचवीतल्या मुलांच्या घरून आली आहेत. इंदूरच्या एका हिंदी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी चोवीस वर्षं शिकवलं आणि त्यातली सतरा वर्षं पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. म्हणून या वेळचं सदर त्याच वर्गाला देते आहे. पत्रं थोडी कमी केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा राज्य मंडळाच्या शाळेत पाचवीत आहे. यंदा बोर्डासारखी परीक्षा आहे. पण वर्गात मॅडम वाट्यांमध्ये चणे भिजवायला लावतात. घरी रोज किती बादल्या पाणी लागतं ते मोजून आणा म्हणतात. आजीला पूर्वीच्या पाण्याबद्दल विचारून या म्हणतात. मी त्याचं फुटबॉल बंद करून ट्यूशन लावलं आणि शाळेत मात्र वेळ असा चाललाय. मॅडमशी बोलू का? (एक आई, सुदामा नगर)

उत्तर : जरूर बोला. पण जाण्याआधी त्याची पर्यावरणाची वही एकदा शांतपणे वाचा.

आधी परीक्षेचं सांगते, कारण भीती तिची आहे. मध्य प्रदेशात गेल्या काही वर्षांपासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर होते. प्रश्नपत्रिका बाहेरून येते, पेपर दुसरीकडे तपासले जातात आणि उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात. मूल एखाद्या विषयात राहिलं तर पुन्हा परीक्षा देता येते. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये जे नियम बदलले त्यांतही हेच आहे : निकालानंतर दोन महिन्यांच्या आत दुसरी संधी, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवता येतं, पण आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. आणि निकालात प्रकल्पाचेही गुण धरतात. म्हणजे तुम्ही ज्या वाट्यांवर चिडला आहात त्या परीक्षेच्या बाहेरच्या नाहीत.

पण गुणांसाठी म्हणून मी त्या वाट्यांची बाजू घेत नाहीये. माझ्या वर्गात हा प्रयोग दरवर्षी व्हायचा. तीन वाट्या घ्यायच्या. पहिलीत चणे पाण्यात पूर्ण बुडवायचे, दुसरीत ओल्या फडक्यावर ठेवायचे, तिसरीत कोरडेच. दोन दिवसांनी बघायचं. दुसऱ्या वाटीत मोड येतात, पहिलीत चणे टम्म फुगतात पण पाण्याला वास यायला लागतो, तिसरीत काहीच होत नाही. बीजाला पाणीही लागतं आणि हवाही लागते, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

एका वर्षी तिसऱ्या वाटीतल्या चण्यांनाही मोड आले. वर्गात एकच गोंधळ. कोणी म्हणालं चणे वेगळे होते, कोणी म्हणालं खिडकीतून पाऊस आला. मी काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत एक मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, पट्टीच्या कडेवर नख घासत. म्हणाला, "मैडम, मैंने डाला था. वो सूखे-सूखे अच्छे नहीं लग रहे थे." कोरड्या चण्यांची त्याला दया आली होती आणि दोन दिवस तो बाटलीच्या झाकणाने त्यांना गुपचूप पाणी घालत होता.

हे वर्गात कळल्यावर प्रश्न आला, आता वहीत काय लिहायचं? काही मुलं म्हणाली, पुस्तकात आहे तसं लिहू, "अंकुर नहीं निकले". मी त्यांना वर्गातच वाद घालू दिला, जवळजवळ अर्धा तास गेला. शेवटी ठरलं की जे झालं तेच लिहायचं. त्या वर्षीच्या चाळीस वह्यांत हिंदीत हेच वाक्य होतं : तिसऱ्या वाटीत कोणीतरी पाणी घातलं, म्हणून मोड आले. नाव एकानेही लिहिलं नाही. जे दिसलं ते लिहायचं, आणि सोबत्याला उघडं पाडायचं नाही. ट्यूशनचा तास हे कुठून देणार?

बादल्यांचंही तसंच आहे. आपल्या इंदुरात बऱ्याच वस्त्यांना नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून आणलेलं असतं. १९७८ मध्ये ते पहिल्यांदा शहरात आलं. त्याआधी यशवंत सागर आणि बिलावलीचा तलाव यांच्यावर शहराची तहान भागायची. तुमच्या सासूबाईंना किंवा आईंना ते दिवस आठवत असतील. मुलाला त्यांच्यासमोर अर्धा तास बसू द्या, मध्ये बोलू नका. मुलगा पाहुण्यांसारखे प्रश्न विचारतोय आणि आजी उत्तरं देते आहे, हे बघायला तुम्हालाही आवडेल.

फुटबॉल पुन्हा सुरू करा. दहा वर्षांच्या मुलाचं खेळणं काढून घेतलं तर तो तेवढा वेळ अभ्यास करत नाही, वहीसमोर बसून राहतो. एखादा विषय खरंच कच्चा असेल तर त्या एकाच विषयाला मदत द्या.

प्रश्न : माझी नात पाचवीत आहे. तिच्या शाळेत पाचवीच्या प्रत्येक मुलाला पहिलीतलं एक मूल वाटून दिलं आहे. आठवड्यातून दोनदा अर्धा तास ही मुलं लहानांना वाचून दाखवतात. शिवाय नातीकडे झाडांना पाणी घालायचं काम आहे. शिक्षकांचं काम मुलांकडून करून घेणं मला पटत नाही. (एक आजोबा, रामबाग)

उत्तर : काका, नमस्कार. तुमची शंका रास्त आहे, कारण असं घडतं. पहिलीचे शिक्षक रजेवर गेले की पाचवीच्या दोन मुलींना दिवसभर त्या वर्गावर बसवून ठेवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. ते चूक आहे, आणि तसं होत असेल तर तुम्ही मुख्याध्यापकांना भेटाच. पण तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. अर्धा तास, ठरलेला दिवस, एकाला एक. हा तुमच्या नातीच्याच शिक्षणाचा भाग आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. पाचवीत येऊनही अडखळत वाचायचा. ओळीखाली बोट धरल्याशिवाय त्याला पुढचा शब्द सापडायचा नाही, आणि बोट धरलं की शेजारचे हसायचे. म्हणून त्याने वाचणंच सोडलं होतं. उभं केलं की पुस्तकाकडे बघत गप्प राहायचा. त्याला पहिलीतली एक चिमुरडी वाटून आली. पहिल्या दिवशी मी दाराशी उभी राहून बघत होते. त्याने पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवलं आणि पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं. तिला दाखवायला म्हणून. आता बोट धरण्यात लाज नव्हती, कारण ते तिच्यासाठी होतं. पुढच्या आठवड्यापासून तो गोष्ट आदल्या दिवशी घरी नेऊन वाचून यायला लागला, तिच्यासमोर अडायला नको म्हणून. फेब्रुवारीत त्याने प्रार्थनेच्या वेळी वर्तमानपत्रातल्या चार बातम्या वाचल्या. बोट होतंच ओळीखाली. कोणी हसलं नाही.

काका, पाचवीचं हे एकच वर्ष असं आहे की आपली मुलं शाळेत सगळ्यांत मोठी असतात. पुढच्या वर्षी ती माध्यमिक शाळेत जातील आणि तिथे पुन्हा सगळ्यांत लहान होतील. जिना कुठून चढायचा, पाणी कुठे प्यायचं, हे आठवीच्या मुलांना विचारत फिरतील. घंटा वाजवणं, झाडांना पाणी घालणं, फळ्यावर सुविचार लिहिणं, लहानांची रांग लावणं ही कामं त्यांना आत्ताच मिळतात. मुलं ती किती मन लावून करतात ते एकदा सकाळी शाळेत जाऊन बघा. घंटा वाजवायची पाळी असलेलं मूल तापातसुद्धा घरी राहायला तयार नसतं.

एक विनंती. नातीला विचारा की तिचं पहिलीतलं मूल कोणतं अक्षर चुकतं आणि ते ती त्याला कसं समजावते. उत्तर ऐकलंत की तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

प्रश्न : मुलगा अपूर्णांकांत फार चुकतो. एक छेद दोन अधिक एक छेद चार, उत्तर दोन छेद सहा लिहितो. दहा वेळा समजावलं. छेद सारखे करा हे त्याला पाठ आहे, तरी पेपरात पुन्हा तेच. (एक आई, लोकमान्य नगर)

उत्तर : पाठ आहे म्हणूनच विसरतो. हाताला सवय नाही.

वही मिटा आणि त्याला घेऊन नमकीनच्या दुकानात जा. अर्धा किलो शेव घ्या, मग त्यात पाव किलो आणखी टाकायला सांगा आणि काटा बघून त्यालाच विचारा किती झाली. तो पाऊण किलो म्हणेल, विचारही न करता. घरी येऊन तेच कागदावर लिहा. अर्धा म्हणजे १/२, पाव म्हणजे १/४, पाऊण म्हणजे ३/४. मग त्याचं जुनं उत्तर समोर ठेवा. २/६ म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी. अर्धा किलोत शेव घातली आणि ती कमी झाली? हा प्रश्न त्याला स्वतःला पडू दे. तुम्ही उत्तर देऊ नका, गप्प बसा.

आपल्या भाषेत हे सगळं तयार आहे आणि आपण ते वापरतच नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. इंग्रजीत शिकणाऱ्या मुलाला जे बऱ्याचदा तीन-चार शब्दांत म्हणावं लागतं ते आपण एका शब्दात म्हणतो. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ होत्या. दोन दीड तीन, तीन दीड साडेचार, चार दीड सहा. ते पाढे आता पाठ करून घ्या असं मी म्हणत नाही, पण संध्याकाळी पोळ्या करताना "दीड पोळी हवी की सव्वा?" एवढं विचारायला काही लागत नाही. सव्वा पोळी कशी वाढायची हे त्याला स्वतःला करायला लावा. पोळीचे चार सारखे भाग करताना त्याला छेद म्हणजे काय ते कळेल.

वर्गात मी वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या कापायचे. घड्या घालून एका पट्टीचे दोन भाग, एकीचे चार, एकीचे आठ. मुलं त्या एकाखाली एक ठेवून बघायची. १/२ च्या खाली २/४ आणि ४/८ अगदी कडेला कड लागतात. एका मुलीने त्या पट्ट्या वर्षभर कंपासपेटीत जपल्या होत्या आणि परीक्षेला जाताना बाहेर काढून एकदा मांडून बघितल्या होत्या.

प्रश्न : मुलगी साडेदहा वर्षांची आहे, पाचवीत. नर्सरीपासूनची मैत्रीण हिला सोडून दुसऱ्या दोघींबरोबर डबा खाते. ही घरी येऊन रडते, चिडते, दार लावून घेते. मी त्या मैत्रिणीच्या आईला फोन करणार होतो, बायको नको म्हणते. (एक वडील, राजेंद्र नगर)

उत्तर : दादा, वहिनींचं ऐका. फोन करू नका. दोन्ही घरचे आईवडील बोलले की मुलींचं भांडण मोठ्यांचं होतं, आणि मुलींना मागे फिरायला वाट राहत नाही.

पाचवीत हे जवळजवळ दरवर्षी होतं, दिवाळीच्या आसपासच. मुलींचे गट नव्याने जमतात. ज्या मुलीची आजवर एकच मैत्रीण होती तिला याचा सगळ्यांत जास्त त्रास होतो. वर्गशिक्षिकेला एवढंच सांगा की डब्याच्या सुट्टीत ती एकटी पडते. मी अशा वेळी बाकांच्या जागा बदलायचे, पूर्ण वर्गाच्या, कोणाचं नाव न घेता, आणि त्या मुलीला एखाद्या दुसऱ्या मुलीबरोबर जोडीचं काम द्यायचे : वाचनकोपऱ्यातली पुस्तकं लावा, भिंतीवरचा नकाशा रंगवा. हातात काम असलं की बोलणं आपोआप सुरू होतं. घरी तुम्ही फक्त ऐका. "जाऊ दे, दुसरी मैत्रीण कर" म्हणू नका. तिला ती एकच हवी आहे आणि ते दुःख खरं आहे.

आणि दुसरी गोष्ट, वहिनींसाठी. मुलीची चिडचिड आणि दार लावून घेणं यामागे वयही असू शकतं. पाळी साधारण दहा ते पंधरा या वयात कधीही येते आणि पाचवीच्या वर्गात दरवर्षी एकदोन मुलींना ती येतेच. माझ्या वर्गातली एक मुलगी शाळा सुटल्यावरही बाकावरून उठत नव्हती. तिला वाटत होतं आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय. तिला घरी कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. तो चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून आधी सांगा, सरळ शब्दांत, घरात दोघीच असताना. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड आणि एक जादा चड्डी ठेवा आणि शाळेत कोणत्या बाईंकडे जायचं ते तिच्याशी ठरवून ठेवा. आठ वर्षांच्या आत शरीरात बदल दिसायला लागले तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. दादा, नंतर घरात हा विषय निघाला तर तुम्हीही खोलीबाहेर जाऊ नका. वडिलांनाही हे माहीत आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, हे तिला कळलं तर तिला किती मोकळं वाटेल.

प्रश्न : घरी मराठी बोलतो, पण मुलाला मराठी वाचता येत नाही. शाळेत हिंदी आणि इंग्रजी. आता सहावीत गेल्यावर तर वेळच मिळणार नाही. (वल्लभ नगर)

उत्तर : त्याला मराठी निम्म्याहून जास्त येतंच. लिपी एकच आहे. अडतं ते थोड्या ठिकाणी. ळ त्याने हिंदीत पाहिलेला नाही. "चहा"तला च आणि "चाक"मधला च वेगळे आहेत, "जहाज"चा ज आणि "जावई"चा ज वेगळे आहेत, आणि लिहिताना मात्र ते एकसारखेच दिसतात. पण त्याच्या कानाला हा फरक आधीपासून माहीत आहे, कारण तो घरी चाकाला चाकच म्हणतो. म्हणून नियम सांगू नका, मोठ्याने वाचायला लावा. तोंड आपोआप बरोबर वळेल. रोज दहा मिनिटं, रात्री झोपायच्या आधी, एक ओळ तुम्ही आणि एक ओळ त्याने. किराण्याची यादी मराठीत लिहायचं काम त्याला द्या. "हळद", "गूळ", "तांदूळ", "डाळ", "वेलदोडे" : निम्म्या यादीत ळ येतो.

प्रश्न : पाचवीच्या मुलाचं दप्तर किती जड असावं? आणि गृहपाठ किती? (महू)

उत्तर : २०२०च्या केंद्रीय दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून जास्त नसावं. तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो सांगितलं आहे आणि गृहपाठ आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. घरच्या वजनकाट्यावर दप्तर ठेवून बघा, आकडा डायरीत लिहून शाळेत पाठवा. बहुतेक वेळा पाण्याची मोठी बाटली आणि वेळापत्रकात नसलेली पुस्तकंच काढावी लागतात.

प्रश्न : आमच्या शाळेत पाचवीच्या निरोप समारंभासाठी आत्तापासून वर्गणी मागताहेत. हॉल, डीजे, मुलींना साड्या, मुलांना कोट. काही पालकांना परवडणारं नाही पण कोणी बोलत नाही. (एक आई, स्नेह नगर)

उत्तर : तुम्ही बोला. एकीने तोंड उघडलं की आणखी दहा जणी बोलतात, हा माझा अनुभव आहे. शाळेला लेखी विचारा की वर्गणी ऐच्छिक आहे का, आणि ज्यांनी दिली नाही त्यांची मुलं समारंभात कशी सामील होणार. एक जरी मूल साडी नाही म्हणून घरी बसणार असेल तर तो निरोप कसला?

आम्ही काय करायचो ते सांगते. परीक्षेआधीचा शनिवार. घरून पोहे आणि शेव, वर्गातच सतरंजी. जिन्यापासून बागेपर्यंत सगळी शाळा मुलं पहिलीच्या आपल्या जोडीदाराचा हात धरून फिरायची आणि घंटेची दोरी चौथीच्या मुलांच्या हातात द्यायची. त्यानंतर प्रत्येक जण एक चिठ्ठी लिहायचा, पुढच्या वर्षी आपल्या बाकावर जो बसेल त्याच्यासाठी. चिठ्ठी घडी करून बाकाच्या खालच्या बाजूला चिकटवायची. मी त्या आधी वाचायची नाही, असं ठरलेलं होतं. जुलैत नवी मुलं बाकाखाली हात घालून त्या शोधायची आणि मग मला आणून दाखवायची. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकाखाली एका वर्षी ही निघाली : "पावसाळ्यात इथे पाणी येतं, दप्तर उजवीकडे ठेव. खिडकीतली कुंडी माझी आहे. रविवारी तिला कोणी पाणी घालत नाही, शनिवारी जास्त घाल."